सुपारीचं खांडही न खाणारा

आमच्या महिला गटाच्या पहिल्या पत्रकाचा मथळा होता, ‘तुमच्या घरात हिंसा होते का?’ मथळा मोठ्या शहरातून आलेला होता, गुळगुळीत कागदावर छापलेला. तो वर्धा जिल्ह्यात चालणार नाही हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे शाळेच्या भिंतीपासून पतसंस्थेच्या कॅलेंडरापर्यंत जिथे तिथे अहिंसा रंगवलेली असते, त्यामुळे हिंसा म्हणजे काय हे सगळ्यांना पाठ. हिंसा म्हणजे बकरं कापणं.

नालवाडीत, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, एक बाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी पत्रक तिच्या हातात दिलं आणि वरचा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला. ती चक्क दुखावली.

“नाई वं बाई! आमी माळकरी माणसं. आमच्या घरात अंडंसुदिक येत नाई, हिंसा कायची?”

बोलता बोलता तिचा पदर घसरला. दंडावर बोटांचे ठसे होते, मधे काळेनिळे, कडेनं पिवळे पडत चाललेले. मी विचारलं, “मग हे काय?”

“हे?” तिनं पदर ओढून घेतला. “हे तं घरातलं हाये.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते आणि सगळा जिल्हा दोन पावसाळ्यांत सुधारेल अशी माझी खात्री होती. आम्ही मथळा बदलला. दुसऱ्या पत्रकावर ‘मारझोड’ असा सरळ शब्द घातला आणि खाली चित्र दिलं. चित्र काढलं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं. लुंगी सुटत आलेला माणूस, डोळे लाल, एका हातात बाटली, दुसरा हात वर, आणि पायाशी मुटकुळं करून बसलेली बाई. आमचा जिल्हा दारूबंदीचा. तरीही दारू कुठे मिळते हे इथल्या शाळकरी पोराला जितकं नीट सांगता येतं तितकं मॅपमध्ये वर्धा नदी कुठे ते सांगता येत नाही. त्यामुळे हे चित्र बघताक्षणी सगळ्यांना समजलं. बायका हसल्या, माना हलवल्या, ‘अस्साच हाये माया’ म्हणाल्या. आमच्या ज्येष्ठ बाई सभेत सांगायच्या, दारू गेली की मारझोड जाईल. मीही घोषणा द्यायचे, नरड्याच्या शिरा ताणून.

मग सेलूहून ताई आली.

ताई म्हणजे माझी मामेबहीण. मामाचं वर्ध्यात भांड्यांचं दुकान, आणि ताई सेलूला एका किराणा दुकानदाराच्या घरी दिलेली. ‘दिलेली’ हा शब्द बघा. आमच्याकडे मुली देतात. शेजारणीला साखर दिली तर निदान वाटी परत मागता येते.

तिला बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मी बारावीत होते आणि पोह्यांचा ट्रे माझ्याच हातात होता. मुलाकडच्यांनी ताईला जे विचारायचं ते विचारलं. स्वयंपाक येतो का. चालून दाखव. सुईत दोरा ओव. मुलाच्या आईनं शेवटी मामीकडे वाकून खालच्या आवाजात विचारलं, “उलटून तं बोलत नाई ना?” मामीनं अभिमानानं सांगितलं, “तोंडातून शब्द निघत नाई हो पोरीच्या.” मामाच्या वाट्याला एकच प्रश्न आला होता आणि तो त्यानं घसा खाकरून विचारला.

“मुलाले काई व्यसन?”

मुलाचा बाप या प्रश्नाची वाट बघत असावा. तो होणाऱ्या व्याह्याकडे खुर्चीत पुढे सरकला. “इवाई, सुपारीचं खांड नाई खात पोट्टा. चहासुदिक घेत नाई.”

झालं. त्या वाक्यावर लग्न ठरलं. मामानं पुढचे कित्येक दिवस ते वाक्य दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. पातेलं घ्यायला आलेल्या माणसाला जावयाच्या सुपारीशी काय देणंघेणं? पण माणसंही थांबून ऐकायची आणि म्हणायची, “नशीबवान हाये पोरगी.” निर्व्यसनी हा शब्द आमच्याकडे पदवीसारखा नावामागे लावतात. तो लावला की पुढे काही विचारायचं राहत नाही. हा माणूस चिडतो का, चिडला की काय करतो, घरातल्या बायकांशी कसा बोलतो, असले प्रश्न विचारायची पद्धतच नाही. मुलगी उलटून बोलते का, हे मात्र विचारतात. उलटून बोलायची वेळ येणार आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं, नाहीतर कशाला विचारतील?

ताई आली ती बापाच्या घरी नाही, आमच्याकडे आली. काळीपिवळी जीपमधून उतरली, काखेत तिची लहान मुलगी आणि एक पिशवी. बापाकडे न जाण्याचं कारण सरळ होतं. याआधी ती दोनदा बापाकडे गेली होती आणि मामानं दोन्ही वेळा स्वतः सेलूला नेऊन पोचवलं होतं. पहिल्या खेपेला साडी घेऊन देऊन, दुसऱ्या खेपेला रस्ताभर एक शब्द न बोलता.

माझ्या आईनं विचारलं, “काऊन आली वं?”

ताईनं मान वळवली. तिचा डावा कान सुजून लाल झाला होता. “याच्यातून ऐकू येत नाई, आत्या.”

तिनं जे सांगितलं ते चहा पिता पिता सांगितलं, रडली नाही. नवरा पहाटे उठायचा. आंघोळ, देवपूजा, कपाळाला गंध. मग दुकान उघडायचा. मारायचा तो पूजा आणि दुकान यांच्या मधल्या वेळात, म्हणजे अगदी ताजातवाना असताना. मारण्याआधी रेडिओचा आवाज मोठा करायचा. त्या वेळेला भक्तिगीतं लागलेली असतात. शेजारी म्हणायचे, किती भाविक घर आहे. कारण काहीही पुरायचं. पोळीला पदर सुटला नाही. दुकानात तेल न्यायला आलेल्या माणसाशी बोलताना दात दिसले. मुलगी झाली. मारून झालं की हात धुवायचा, दुकानात जाऊन उदबत्ती लावायचा आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हात जोडून नमस्कार करायचा.

संध्याकाळी माझ्या बाबांनी बातम्यांसाठी रेडिओ जरा मोठा केला, तर ताईची मुलगी खाटेखाली जाऊन बसली. बाबांना काही कळेना. ते वाकून तिला लिमलेटची गोळी दाखवत राहिले. मी उठून रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी ताईला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात बघितलं, पडदा फाटला आहे म्हणाले आणि विचारलं, “नवरा पितो का?”

“नाही,” ताई म्हणाली.

“पीत नाही?” त्यांनी मान वर केली. “मग कशानं झालं हे?”

“हातानं.”

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. मला तो प्रश्न तेव्हापासून सगळीकडे ऐकू येऊ लागला. ज्याला त्याला आधी तेच विचारायचं होतं, पितो का. नाही म्हटलं की चेहऱ्यावर शंका यायची, आणि ती शंका ताईवर असायची. आमच्या घरामागे एक बाई राहायची, तिचा नवरा रोज झिंगून यायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असा मारायचा. ती ताईला बघायला आली. ताईचा कान बघून तिला कळवळा आला, तो टिकला मात्र नाही.

“माया तं पिऊन मारते वं,” ती म्हणाली. “त्याले शुद्ध नसते. सकाळी पाय धरते, रडते. तुया शुद्धीवर मारते म्हन्तं?”

“हो नं.”

“मंग तुयंच काईतरी चुकत असन, बाई.”

मी तिथेच तिच्यावर ओरडले. आईनं मला आत ढकललं. पण हिशोब किती सोयीचा आहे बघा. नवरा पिऊन मारतो तेव्हा दारू मारते. नवरा न पिता मारतो तेव्हा बायकोची चूक मारते. बाप्या माणूस कधी मारतच नाही. दोन्ही दारांतून तो पांढरा शर्ट घालून बाहेर येतो. आणि हा हिशोब काही पुरुष एकटे करत नाहीत. आया करतात, सासवा करतात, पाठ काळीनिळी झालेल्या बायका दुसऱ्या काळ्यानिळ्या पाठीकडे बघून करतात.

आमचा गट तरी वेगळा असावा ना? ज्येष्ठ बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. “निर्व्यसनी आहे म्हणतेस? मग आशा आहे. दोनचार वेळा बसवून बोललं तर सुधारेल. अशी माणसं कमी असतात गं.” कमी! मला हसावं की खुर्ची फेकावी ते कळेना. मी तिथून तडक पेंटरकडे गेले आणि म्हटलं, नवीन चित्र काढा. बाटली नको, लुंगी नको. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आणि हात वर.

पेंटरनं ब्रश डब्यात टाकला. “मंग लोकायले कळन कसं?”

“काय?”

“का हा मारून राह्यला. बाटली नाई, डोये लाल नाई. लोक म्हन्तीन, आशीर्वाद देऊन राह्यला.”

त्यानं हे विनोद म्हणून सांगितलं नाही. त्याला खरंच अडचण होती. ते चित्र निघालं नाही.

इकडे मामाला कळलं की ताई आमच्याकडे आहे. तो आला आणि ओट्यावरूनच माझ्या आईला म्हणाला, “तू माई बहीण हायेस का दुश्मन?” आईनं त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. त्यानं सेलूला निरोप धाडला होता. येत्या रविवारी सकाळी त्याच्या घरी बैठक होती. चार लोक येणार होते. त्या बैठकीत ठरणार होतं, ताईनं परत सेलूला जायचं की नाही. म्हणजे जायचंच. मान कसा राखून जायचं, एवढंच ठरायचं होतं.

“मी नाई जात, बाबा,” ताई आतून म्हणाली.

“तू नाई ठरवाचं थे,” मामा म्हणाला. “जवाईबापूत काय खोट हाये, सांग. पितात का?”

“मारतात.”

“पितात का?”

“नाई.”

“मंग?” मामानं माझ्या आईकडे बघितलं, जणू काही सिद्ध झालं होतं. त्यानं ताईच्या कानाकडे पाहिलंही नाही. तिला डाव्या बाजूनं बोललेलं कळत नव्हतं आणि तो डाव्या बाजूलाच उभा होता.

हे चार लोक कोण असतात याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. ते जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या घरी पोहे खात असतात. त्यांना वेळच वेळ असतो. ते प्रत्येक भांडणात मधले असतात आणि मध्यावर मात्र कधीच बसत नाहीत. त्यांत बाई नसते. बाई आत पोहे परतत असते.

रविवारी सकाळी सेलूची जीप मामाच्या दारात लागली. ताईचा सासरा, सासऱ्याचा चुलतभाऊ, आणखी दोघं वजनदार माणसं आणि नवरा. नवऱ्यानं पांढराशुभ्र शर्ट घातला होता. गंध ताजं होतं. तो भिंतीला टेकून खाली बघत बसला, लाजरा, आज्ञाधारक, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस घ्यायला आलेल्या मुलासारखा. चहा आला तेव्हा त्यानं हात जोडून नको म्हटलं. सासऱ्यानं लगेच सगळ्यांकडे बघितलं. “पाहा. चहासुदिक नाई.”

आम्ही बायका आतल्या दाराच्या पडद्यामागे. मामी, आई, ताई आणि मी. ताईनं मुलीला शेजारणीकडे ठेवलं होतं. ती उजवा कान पडद्याकडे करून उभी होती.

चुलतसासरा बोलायला लागला. “पाहा भाऊ. पोट्टा पीत नाई. जुवा नाई, सट्टा नाई. बाहेर कुटी नजर नाई. आनखी काय पाह्यजे बाईले?”

“नाई नाई, जवाईबापूत काईच खोट नाई,” मामा म्हणाला.

“मंग पोरगी नांदत काऊन नाई?”

नांदणं. हे क्रियापद आमच्या भाषेत बाईसाठी राखून ठेवलंय. बाई नांदते, बाई नांदत नाही, बाईला नांदायला पाठवतात. नवरा मारतो, उपाशी ठेवतो, बाहेर काढतो, आणि तरी बैठकीत प्रश्न येतो तो हाच, की पोरगी नांदत का नाही. नवरा नांदत नाही असं कुणी म्हणून बघावं. ऐकणाऱ्याला वाटेल, याचं मराठी कच्चं आहे.

“ते मारतात म्हणून!” मी पडद्याआडून म्हटलं.

“कोन बोललं?”

“भाची हाये,” मामा ओशाळून म्हणाला. “कॉलेजात जाते. मोर्च्यागिर्च्यात फिरते.”

मी पडदा सारून बाहेर गेले आणि जे पाठ होतं ते सगळं ओतलं. स्त्रीवरचा अत्याचार हा घरगुती प्रश्न नसून सामाजिक प्रश्न आहे. बायको ही मालमत्ता नाही. चारशे अठ्ठ्याण्णव-अ कलमाखाली पोलिसांत तक्रार होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पोहे खात. ऐकून झाल्यावर चुलतसासऱ्यानं बशी खाली ठेवली.

“वा! नगरपालिकेले उभी राह्य वं पोरी. भाषन मस्त देते.” मग मामाला, “लगन झालं का हिचं?”

“नाई अजून.”

“मंग बरोबर हाये.”

सगळे हसले. मामाही हसला. कलमाचं नाव ऐकून सासऱ्याचा चेहरा तेवढा उतरला होता, पण हसण्यात तो सावरला. चुलतसासऱ्याला चेव आला. “आता इथं बसलेल्या मानसांपैकी बायकोले कधी दोन झापडा मारल्या नाई असा कोन हाये? हात वर करा बरं.”

एकही हात वर गेला नाही. पुन्हा हशा. मी मागे वळून बघितलं. मामी पडद्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसत नव्हती, आणि मामाकडे बघतही नव्हती. मला तेव्हा जे कळायचं ते कळलं. आयुष्यभर ज्या घरात सुट्टीला गेले त्या घराबद्दल.

मग शब्द घेण्याचा कार्यक्रम झाला. चुलतसासऱ्यानं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. “सांग बावा, आता हात नाई उचलत म्हून.”

“नाई उचलत,” नवरा फरशीला म्हणाला.

“झालं! निर्व्यसनी मानसाचा शब्द हाये. आना ओटी.”

ओटीचं ताट तयारच होतं. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मामीनं ते सकाळी उठल्याबरोबर लावून ठेवलं होतं, जीप सेलूहून निघायच्याही आधी. बैठक कशासाठी होती मग? पोह्यांसाठी.

मामी ताट घेऊन बाहेर आली. मागून ताई आली. ती मधोमध उभी राहिली.

“नांदाले माई ना नाई,” ती म्हणाली.

चारही लोकांचे खांदे एकदम सैल पडले. मामानं सुस्कारा सोडला.

“पन सेलूले मी लय नांदली. आता यायनं इथं यावं नांदाले.”

“म्हंजे?” सासरा म्हणाला.

ताईनं मामीच्या हातातून ताट घेतलं आणि वाकून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. “घ्या. तुमचीच भरते ओटी. माह्या बापाच्या घरी राहा. पहाटी उठा, पानी भरा, पोळ्या करा. पोळीले पदर नाई सुटला तं मी समजावून सांगीन. दोन झापडा तं सारेच मारतेत, आता काकाजीच बोलले नं.”

ताईच्या तोंडातून शब्द निघत नाही असं मामीनं सांगितलं होतं ना? हे एवढे शब्द ती कुठे साठवत होती, देव जाणे. मी दोन वर्षं पत्रकं वाटत होते आणि इतकं सरळ वाक्य मला सुचलं नव्हतं. आणि मग चार लोकांतल्या एकाला, कोपऱ्यातल्या जाड्या माणसाला, हसू फुटलं. त्याला आवरायचं होतं, पण मांडीवर हिरवी साडी आणि नारळ घेऊन बसलेला तो पांढरा शर्ट बघून त्याला आवरेना.

त्या हसण्यावर नवरा उठला. ताट उलटलं, तांदूळ खोलीभर उडाले, नारळ खाटेखाली गेला. आणि त्यानं ताईच्या तोंडात मारली. भर सकाळी, पोह्यांच्या बशांमधे, बापासमोर, पाणीसुद्धा न पिता. ताई दाराच्या चौकटीवर आदळली.

आता तरी? मी चार लोकांकडे बघितलं. चुलतसासरा टाळूवर हात फिरवत म्हणाला, “पाहा. पोट्ट्याले राग आनला नं.”

“बाईनं असं बोलाले पाह्यजे का?” सासरा म्हणाला.

डोळ्यांदेखत झालं तरी त्यांनी काही पाहिलं नव्हतं. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. कुणी ऐकतही नव्हतं, कारण मामा उभा राहिला होता. मामाचा आवाज एरवी दुकानदाराचा, गोड. तो फाटला.

“माह्या घरात?”

चुलतसासऱ्याचा हात टाळूवरच थांबला.

“माह्या घरात येऊन, माह्यासमोर हात उचलला? माहे पोहे खाऊन?” (जावयानं पोहे खाल्ले नव्हते, पण ही चूक दाखवायची ती वेळ नव्हती.) “जवाई असन तं सेलूचा असन. हे घर माहं हाये. उठा. चाला, उठा सारे!”

“अहो इवाई, ऐका तं...”

“ऐकलं मी. जीप उभी हाये तुमची.”

ते गेले. चुलतसासरा जाता जाता म्हणत होता, बैठकीचा असा अपमान त्यानं जन्मात पाहिला नाही. म्हणजे अपमान काय असतो हे त्याला कळत होतं तर.

मी मामाचे उपकार मानलेले नाहीत, मानणारही नाही. तो ‘माझ्या पोरीवर’ म्हणाला नाही. ‘माझ्या घरात’ म्हणाला. सेलूत पोरीचा कान फुटला तेव्हा त्याचं काही गेलं नव्हतं. ती तिकडे दिलेली होती, तिकडचं सामान. इथे त्याच्या छपराखाली, त्याच्या पाहुण्यांसमोर हात उठला तेव्हा त्याचा मान दुखला. बायकोला दोन झापडा मारायच्या त्या आपापल्या घरात, एवढीच मर्यादा जावयानं मोडली होती. ज्या अकडीनं पोरीला दोनदा परत पोचवलं, त्याच अकडीनं तिसऱ्यांदा तिचं जाणं अडवलं. आमच्या पत्रकांनी नाही, कलमानं नाही, बापाच्या मायेनंसुद्धा नाही.

जीप वळली तेव्हा ताई चौकटीला धरून उभी होती. ओठ फुटला होता.

“पाह्यलं नं, बाबा?”

“पाह्यलं.”

“म्या सांगतलं होतं तवा?”

मामानं खाटेखालून नारळ काढला. तो मामीला म्हणाला, “तांदूळ झाडून घे.”

ताई मामाच्या घरी राहिली नाही. तिथे ती राहिली असती तर रोज त्याच्या उपकाराखाली राहिली असती, असं ती म्हणाली. नालवाडीत आमच्याजवळ खोली घेतली आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या पोरापोरींचे डबे करायला लागली. गल्लीत तिला ‘नवऱ्यानं सोडलेली’ म्हणतात. तिनं सोडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सोडणारा तोच आणि सुटणारी तीच. मी भांडते. ती म्हणते, “म्हनू दे वं. डबे थंडे होऊन राह्यले.” मला तिचं हे म्हणणं पटत नाही. म्हणू का द्यायचं?

मामा मात्र मोठा झाला. बैठक उधळल्याची गोष्ट त्याच्या दुकानात वर्षानुवर्षं चालली. गंज, पातेली, परात घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ती सांगितली, आणि सांगता सांगता जीप मोठी झाली, चार लोकांचे आठ झाले, जावयाची कॉलर मामाच्या मुठीत आली. आता लोक म्हणतात, “बाप असावा तं असा.” एका सकाळी तो ताईच्या खोलीवर आला होता, बरोबर दुकानाचा शेजारी. ताई डबे भरत होती, मी झाकणं लावत होते. मामानं शेजाऱ्याला तीच गोष्ट सुरू केली. बैठक बसली, पोहे आले, जावयानं हात उचलला, आणि मग मी उठलो.

“बाबा,” ताईनं उजवा कान त्याच्याकडे करून म्हटलं, “त्याच्या आंधीचं सांगा नं.”

“आंधीचं काय?”

“हात काऊन उचलला त्यानं. मी काय बोलली होती थे.”

शेजारी ताईकडे बघू लागला. मामानं चहाची कपबशी उचलली.

“थे कायले सांगाचं,” तो म्हणाला. “बायकांच्या गोष्टी.”